चप्पल पायात राहिली पाहिजे

१९८६ साल. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो, आणि डहाणूपासून उंबरगावपर्यंत माझ्यासारखी चप्पल कोणी शिवत नाही असं माझं पक्कं मत होतं. वय पुढे गेलं, मत तिथेच आहे.

शाळा म्हणाल तर तिसरी. चौथीत मास्तरांनी पट्टी उगारली, मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि आमचं शिक्षण आटोपलं. बापाने पुढ्यात कातडं टाकलं आणि हातात रापी दिली. रापी म्हणजे कातडं कापायचं आमचं रुंद पात्याचं हत्यार. तेव्हापासून जे शिकलो ते मांडी घालून शिकलो. हे लिखाणही माझंच आहे. नातीने ऱ्हस्व-दीर्घ तपासलंय. मध्येच म्हणाली, "आजोबा, हे जरा बरं दिसेल असं लिहू का?" तिला सांगितलं, तू वेलांट्या बघ.

दुकान डहाणूतल्या मसोलीत, घराच्या ओट्यावर पत्रा टाकून केलेलं. गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं. चिकूच्या वाड्यांचे मालक यायचे, त्यांना करकर वाजणारी चप्पल लागायची, म्हणजे शेठ आल्याचं गड्यांना लांबून कळावं. रेल्वेचे बाबू यायचे, त्यांना अजिबात न वाजणारी लागायची. का, ते त्यांना विचारा. मराठी, गुजराती, हिंदी, गिऱ्हाईक बोलेल ती भाषा मी बोलायचो, आणि नाही म्हणायचं झालं तर तिन्ही भाषांत म्हणायचो.

अशात एक दिवस डॉक्टरबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. कुष्ठरोगावर काम करणाऱ्या एका संस्थेचा दवाखाना आमच्या भागात नुकता सुरू झाला होता, तिथल्या त्या मुख्य.

"भिकाजी तुम्हीच का?"

"पाटीवर तेच लिहिलंय."

"मला एकही खिळा नसलेली चप्पल हवी आहे."

"बाई, खिळ्याशिवाय चप्पल म्हणजे नाडीशिवाय पायजमा. आणि माझा खिळा टोचला अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही."

"माझे पेशंट तक्रार करूच शकत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आले."

मला कळलं नाही. मग त्यांनी मला दवाखान्यात नेलं. बाकावर कासा गावाकडचा एक माणूस बसला होता, तंबाखू मळत, गप्पा मारत. त्याच्या टायरच्या चपलेखालून रक्त येत होतं. बाई चप्पल काढायला गेल्या तर ती निघेना. खिळा तळातून वर येऊन टाचेत घुसला होता आणि हा गडी कोसभर चालत आला होता. मला म्हणतो, "चप्पल चांगली हाय. पायाला धरून बसते."

 पायाशी सगळी हयात घातली, पण दुखत नसलेला पाय मी पहिल्यांदा बघितला.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. आमच्याकडे ज्याला रगतपिती म्हणत, तो रोग गोळ्यांनी जातो. पूर्ण जातो, दुसऱ्याला लागत नाही. पण उशीर झाला असेल तर पायाच्या नसा मरतात, त्या परत येत नाहीत. तुम्हाला खडा टोचला की तुम्ही पाय उचलता. त्याला टोचत नाही, म्हणून तो उचलत नाही. जखम होते, चिघळते, हाडाला लागते, आणि मग पाय कापावा लागतो. म्हणजे पाय रोगाने जात नाही, चालण्याने जातो. म्हणून त्याला आत मऊ, बाहेर टणक, खिळ्याशिवाय शिवलेली आणि चिकटवलेली चप्पल लागते. आत मऊ करायला संस्थेकडे एक करडं स्पंजासारखं रबर यायचं. बोटाने दाबलं की दबतं, सोडलं की वर येतं.

मला काम आवडलं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज आला. करडा जाड तळ, खाकी रुंद पट्टे, मागे बक्कल, संस्थेने दिलेल्या नमुन्यावर मी असे टाके घातले की बाई म्हणाल्या, भिकाजी, दक्षिणेकडून येतात त्यापेक्षा या सरस आहेत. पाड्यापाड्यांवर त्या फुकट वाटल्या गेल्या. आणि जखमांचे पाय दवाखान्यात येतच राहिले. अनवाणी.

"चपला देतो, घालत का नाहीत?" बाई विचारायच्या.

"अडाणी लोक," मी म्हणायचो. तिसरी पास माणसाला हे म्हणायला फार बरं वाटतं.

मग आली हेतल, बाईंनी बोलावलेली. अहमदाबादकडच्या कुठल्याशा कॉलेजात डिझाइन शिकलेली, कापलेले केस, खांद्याला झोळी. डिझाइन म्हणजे साडीवरची वेलबुट्टी, एवढंच मला ठाऊक. आता ही चपलेवर काय फुलं काढणार, म्हणून मी बघत बसलो. ती ओट्यावर माझ्यासमोर मांडी घालून बसली. मराठी तिचं गुजराती वळणाचं.

"काका, तुमची शिलाई एकदम सरस आहे."

"माहीत आहे."

"पण कोणी घालत नाही ने?"

मी हातातली शिवायची आरी खाली ठेवली.

"आठवडाभर काही बनवायचं नाही," ती म्हणाली. "हत्यार बंद."

"मग मी काय करू?"

"बघायचं."

"पाय? पोरी, पाय मी जन्मभर बघतोय."

"दुकानात बसलेले पाय बघितले, काका. चालणारे कुठे बघितले?"

मला एवढा राग आला की तिला चहासुद्धा विचारला नाही. बायकोने, तुळसाने, आतून आणून दिला. "जा की," ती मला म्हणाली, "तसंही घरात बसून कोणाला सुख देताय?"

गेलो. संस्थेच्या जीपमधून तलासरीच्या पुढे, मग पायी. पहिल्याच ओढ्यावर एक म्हातारा जाळं टाकून बसला होता. जाळ्याच्या कडेला करडे चौकोन पाण्यावर तरंगत होते. मी निरखून बघितलं. माझा तळ होता. सुरेख चौकोन कापून त्याने जाळ्याला बांधले होते.

"ही चप्पल आहे," मी म्हटलं.

"व्हती," म्हातारा म्हणाला. "तरंगते चांगली."

हेतल झोळीत तोंड लपवून हसली. मला हसू आलं नाही, पण पुढच्या घरात काय झालं असेल याची उत्सुकता लागली, हे खरं. त्या दिवशी माझ्या चपला आम्हाला कुठे कुठे सापडल्या. दाराला पाचर म्हणून, पाट्याखाली टेकू म्हणून, एके ठिकाणी तान्ह्या पोराच्या उशाला. पायात कुठेच नाही.

शेवटचं घर चैतीचं. चैती चाळिशीची असेल, वारली बाई, काटक, बोलायला तिखट. रोग बरा झालेला, गोळ्या संपलेल्या, पण दोन्ही तळवे बधिर आणि हाताची बोटं थोडी आखडलेली. डाव्या पायाची जखम दोनदा भरून दोनदा उघडली होती. डॉक्टरबाईंनी दवाखान्यात तिला माझ्यासमोरच सांगितलं होतं, या खेपेला हाडापर्यंत गेलं तर पाय राहणार नाही. तिची चप्पल छपराच्या आढ्यात, फडक्यात गुंडाळून खोचलेली.

"तिकडे का ठेवलीस?" हेतलने विचारलं.

"लोकांना दिसू नये म्हणून."

"पण पाय जाईल ना तुझा."

चैती चुलीपुढून उठली नाही. "ऐक. ही घालून मी विहिरीवर गेले तर बाया हांडे उचलून बाजूला होतात. ही चप्पल कोणाची ते साऱ्यांना ठावं हाय. संस्थेची. रगतपितीची. माझ्या पोराची सोयरीक ठरलीय. विहीण बुधी, ती पलीकडच्या पाड्याची. तिला अजून कळलं नाय. पाय गेला तर माझा जाईल. चप्पल दिसली तर पोराची सोयरीक जाईल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू शिवलीस ना, दादा? मग तूच घाल आणि फिर बाजारात."

परतताना जीपमध्ये हेतल म्हणाली, "काका, आता सांगा, काय बनवायचं?"

मला वाटलं मला कळलं. मी म्हटलं, "चप्पल दिसायला वाईट आहे. चांगली करून देतो. अशी की विहीण विचारेल, कुठून घेतली."

हेतललाही पटलं, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल चुकलो तो मीच. आम्ही दोघं भुतासारखे भिडलो. ती कागदावर काढायची, मी खोडायचो. मी कापायचो, ती म्हणायची, अजून. लाल कातडं आणलं. वर वेणीचा पट्टा, कडेला पिवळ्या दोऱ्याची शिलाई, आत करडं रबर असं दडवलं की ब्रह्मदेवालाही दिसलं नसतं. तुळसा म्हणाली, "लग्नात मला कधी अशी दिली नाहीत." चैतीने ती हातात घेतली, वास घेतला, छातीशी धरली. आम्ही जिंकलो असं समजून मी त्या दिवशी वाटेत सगळ्यांना भजी खाऊ घातली.

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते. मी दरवर्षी तिथे रस्त्याकडेला बसायचो, जत्रेत चपला तुटतात फार. भर दुपारी हायवेच्या डांबरावरून बायकांचा घोळका आला, त्यात चैती. डोक्यावर गाठोडं, नवं लुगडं, आणि अनवाणी. डांबर असं तापलं होतं की कुत्रं त्यावर पाय टेकत नव्हतं.

मी ओरडलो, "चैती, चप्पल कुठाय?"

ती खुशीत हसली. "हाय ना. गाठोड्यात. इतकी नवी चप्पल रस्त्यात घालून मळवू काय? देवीच्या दारात घालीन."

"देवीच्या दारात चप्पल काढतात गं."

"मग दारापर्यंत घालीन."

मी तिला तिथेच बसवून तळवे बघितले. ते लिहीत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, स्वतःच्या पायाकडे नाही. तिला काहीच होत नव्हतं. एका टेंपोवाल्याच्या पाया पडून तिला दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण डाव्या पायाचं एक बोट गेलं. त्या बोटाची रुखरुख मला आजही आहे. एवढी सुंदर चप्पल मी पुन्हा कधी शिवली नाही.

हेतल ओट्यावर येऊन बसली. दोघांचेही चेहरे पडलेले.

"आपण तिला घालायला दिली नाही, काका," ती म्हणाली. "जपायला दिली."

मी रापीला धार लावत बसलो.

"एक सांगा. तुमची एक तरी चप्पल कोणी रोज घालतं?"

"मास्तर घालतात."

हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. डहाणूतले एक शिक्षक, मानाचा माणूस, संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला यायचे. त्यांनाही तोच रोग होऊन गेला होता. त्यांना मी काळे बूट दिले होते, साधे, सगळे सरकारी नोकर घालतात तसे, आणि करडं रबर आत बसवलं होतं. नाव आजही सांगणार नाही.

"ते का घालतात?"

"दिसत नाही म्हणून. सगळ्या मास्तरांच्या पायात तसलेच बूट..."

माझं वाक्य तिथे थांबलं. हेतल माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

"चैतीच्या पाड्यात सगळ्यांच्या पायात काय असतं?" तिने हळूच विचारलं.

"काही नसतं. असलं तर टायरची."

"काका, टायर."

"कळलं गं, मी काय बहिरा आहे?"

अशी मजा मला धंद्यात कधी आली नव्हती. हायवेवरच्या पंक्चरवाल्यांकडून ट्रकचे फाटके टायर आणले. टायरची चप्पल म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात हलकं काम, मी त्याला कधी हात लावला नव्हता. वर ट्यूबचे काळे पट्टे, खाली टायर, चार खिळे ठोकले की झालं. आम्ही वरून हुबेहूब तीच केली, कळकट, बेढब. खिळ्यांच्या जागी शिलाई आणि सोल्युशन. पायाखाली करडं रबर, पण त्यावर काळी पातळ ट्यूब चढवलेली. खाली मात्र मी टायर न लावता सपाट रबरच लावलं, कारण टायर वाकडा असतो, चप्पल होडीसारखी डुलते. हेतल म्हणाली, पक्कं नको, कच्चं करून देऊ, मोडेल ते बघू. आयुष्यात पहिल्यांदा मी मोडण्यासाठी काहीतरी शिवलं.

पहिलं मोडलं बक्कल. चैतीच्या आखडलेल्या बोटांनी ते लागेना, ती दातांनी ओढायची. बक्कल काढलं, सायकलच्या ट्यूबची ताणणारी पट्टी लावली, आतून मऊ कापड. पाय आत सरकवला की बसला.

दुसरं जे झालं ते तर आम्हाला कोणालाच सुचलं नसतं. चैतीने चप्पल घालून अंगणातून वाटेपर्यंत चक्कर मारली. आम्ही खूश. तेवढ्यात शेजारची म्हातारी लाकडाची मोळी घेऊन आली, वाटेवर थांबली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "संस्थेची माणसं आली व्हती काय गं?"

चैतीने चप्पल काढून दारामागे टाकली. म्हातारी गेल्यावर मी विचारलं, "हिने तर तुझ्या पायाकडे बघितलंही नाही."

"मातीकडं बघितलं ना," चैती म्हणाली. "दादा, इथं कोणाची शेळी कुठं गेली, कोणाचा नवरा कुठून आला, ते मातीत दिसतं. टायरचा पाय खाचांचा उमटतो. तुझा सपाट उमटला. सपाट पाय संस्थेचा."

हेतल मटकन खाली बसली आणि वाटेवरचे ठसे बघू लागली. मीही बसलो. शेळ्या, बैल, अनवाणी पाय, खाचांच्या टायरचे पाय, आणि त्यात माझा तळ, पाटीसारखा कोरा. इतके दिवस आम्ही वरून लपवत होतो आणि खालून दवंडी पिटत होतो.

मग टायर लावणं आलंच. वाकडा टायर सपाट करण्यात माझे हात सोलून निघाले. उन्हात तापवून दगडाखाली दाबला, मागून रापीने आडव्या चिरा दिल्या, तेव्हा कुठे तो सरळ झोपला. आणि सगळ्या एकाच टायरच्या करायच्या नाहीत, हे माझ्या डोक्यातून निघालं. एकच नक्षी सगळीकडे उमटली की तीच संस्थेची ठरणार. म्हणून ट्रकचा, बसचा, ट्रॅक्टरचा, मिळेल तो टायर.

डॉक्टरबाईंनी चप्पल उलटीसुलटी करून बघितली. "खिळा?"

"एकही नाही."

"मग वाटायला घ्या."

"मी नाय घेणार," चैती म्हणाली. ड्रेसिंगसाठी तीही तिथेच बसली होती. डॉक्टरबाईंनाही ती 'तू' म्हणायची, सगळ्यांनाच म्हणायची. "तू फुकट वाटशील. फुकट कोणाला देतात ते साऱ्यांना ठावं हाय. आधी बुधीच्या पायात दिसू दे, मग माझ्या."

बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. चपला वाटणं बंद करून बाजारात विकायच्या, ज्याला पाहिजे त्याला, हे त्या दिवशी ठरलं. पुढे नव्वद सालानंतर संस्थेने गोळ्याही बाजारच्या दिवशीच द्यायला सुरुवात केली. बाजारात कोण कशाला आलं ते कोणी विचारत नाही. नवीन काही करायचं झालं की बाई संस्थेच्या माणसांना आधी पाड्यावर पाठवायच्या, जाळ्याला काय बांधलंय ते बघून या म्हणायच्या. पण मी पुढे पळतोय.

तलासरीचा आठवडी बाजार. सुकी मासळी, मिरची, बांगड्या, आणि एका रांगेत टायरच्या चपलावाले. मी त्या रांगेत जाऊन बसलो. डहाणूचा भिकाजी, टायरच्या चपला घेऊन. शेजारचा म्हणाला, "काय काका, दिवाळं निघालं काय?" मी चपला मांडत राहिलो. हेतल समोर बांगड्यांच्या दुकानाशी उभी होती, उगाच बांगड्या चाळत.

सकाळ रिकामी गेली. मग एका उसाच्या गाड्यावाल्याने पाय घालून बघितला आणि तिथेच उभा राहिला.

"आत काय कापूस भरलाय काय?"

"पाय भर, मग विचार."

तो चालून आला, परत गेला, परत आला. घेतली. त्याच्या मागून दोघं. शेजाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. दुपारकडे हेतलने मला डोळ्याने खूण केली. हिरव्या लुगड्यातली एक जाडजूड बाई येत होती. चैतीच्या सांगण्यावरून ओळखलं, बुधी.

ती पुढे जायला लागली. मी धंद्यात कोणाला हाक मारून बोलावत नाही, नियम आहे माझा. त्या दिवशी मोडला. "बाय, बघून तर जा."

"हायेत मला."

"अशी नाही तुझ्याकडे."

बुधी थांबली. पाय आत सरकवला. खडीवर मुद्दाम जाऊन उभी राहिली, एक पाय, मग दुसरा. माझा जीव तिच्या टाचेत.

"ही चप्पल हाय की गादी?" ती म्हणाली, आणि काढलीच नाही. तशीच उभी राहून भाव करायला लागली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय गं विहीण, काय घेतेस?"

चैती. माझ्याकडे तिने असं बघितलं की जणू जन्मात कधी बघितलंच नाही. ठरल्याप्रमाणे तिच्यासाठी कडेला ठेवलेली चप्पल उचलली, वाकवली, नाक मुरडलं.

"टायर जुना दिसतोय."

"टायर जुनाच असतो," मी म्हटलं.

"शिलाई तरी धड हाय काय? पावसात तळ वेगळा, पट्टा वेगळा. असले डहाणूवाले लई बघितलेत."

आता हे नाटक आहे हे मला ठाऊक होतं. तरी माझं डोकं फिरलं. माझ्या शिलाईला नावं. मी म्हणालो, "नको घेऊस. जा पुढे." हेतलने बांगडीवाल्याकडे पाठ केली, तिचे खांदे हलत होते.

"बघ कसा बोलतो," चैती बुधीला म्हणाली. "याच्याकडून नाय घ्यायची."

"अगं घे," बुधी म्हणाली. "माणूस तिरसट हाय, पण चप्पल मऊ हाय. मी घेतली ना? ए दादा, भाव कमी कर, माझी विहीण हाय ती."

केला कमी. चैतीने चप्पल गाठोड्याकडे नेली तशी बुधीने तिचा हात धरला. "गाठोड्यात कशाला घालतेस? टायरच तर हाय. पायात घाल."

चैतीने खाली बघितलं. मग बुधीच्या खांद्यावर हात ठेवून आधी उजवा पाय आत सरकवला, मग डावा. दोघी विहिणी मासळीच्या रांगेकडे निघाल्या, बोंबलाच्या भावावरून आतापासूनच कोणाशी तरी भांडत. हेतल धावत येऊन माझ्या गळ्यातच पडली, भर बाजारात. शेजारचा चपलावाला बघतच राहिला. मी मात्र तिच्या डोक्यावरून चैतीच्या पायाकडे बघत होतो. डाव्या पायाची मागची पट्टी दर पावलाला खाली सरकत होती. जिथे बोट गेलं होतं तिथे पाय आता अरुंद झाला होता आणि तिची जोडी शिवताना मी माप जुनंच धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली एस.टी. धरली. आरी, दोरा आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा पिशवीत. पाड्यावर पोचलो तेव्हा चैती अंगण झाडत होती, चप्पल पायात.

"कालच तर भाव केला," ती म्हणाली. "आज वाढवायला आलास काय?"

"डावी काढ. पट्टी सरकतेय."

"मला नाय लागत."

"तुला लागत नाही म्हणून तर आलो."

ओट्यावर बसून पट्टी उसवली, भोक मागे घेतलं, नवी ट्यूब ओवून टाका घातला. तिने पाय आत सरकवला, हांडा उचलून डोक्यावर ठेवला.

"आता विहिरीवर जाऊन ये," मी म्हटलं. "सावकाश जा. मी बसलोय इथे."